गिऱ्हाइकाच्या हातातील नकाशा आणि आपले दुकान

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्याच्या चालकांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय आपल्या मनाचा घ्यावा, अशी सवलतही दिली. निवृत्त शिक्षकाने शिक्षणावर किंवा संस्कारांवर बोलावे, अशी श्रोत्यांची साधारण अपेक्षा असते. ती बाजूस ठेवून आज आम्ही दुकानाविषयी बोलणार आहोत. अधिक नेमके सांगावयाचे तर, शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील आपल्या बांधवांची लहान दुकाने अनोळखी गिऱ्हाइकाला सापडतात की नाही, याविषयी. आम्ही मॅट्रिक झालेले, आयुष्य प्राथमिक शाळेत गेलेले. यंत्रविद्येतील अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु हा विषय यंत्राचा कमी आणि व्यवहाराचा अधिक आहे, आणि व्यवहाराच्या गोष्टी सोप्या करून सांगणे हाच आमचा जन्माचा व्यवसाय होता.

आपला धंदा शिलाईचा. पूर्वी शिंप्याचे दुकान कोणाला शोधावे लागत नसे. ज्याने आजोबांची बाराबंदी शिवली, त्याच्याच मुलाकडे नातवाची विजार शिवावयास जाई. ओळख हेच आपले भांडवल होते, आणि ते भांडवल गावातल्या गावात फिरत राही. पुढे तयार कपडे आले आणि धंद्याचा मोठा वाटा त्यांनी नेला. जो उरला तो अद्याप लहान नाही. ब्लाऊज, शाळांचे आणि कारखान्यांचे गणवेश, पोलिसांची वर्दी, लग्नाचे कपडे आणि तयार कपड्यांची दुरुस्ती, ही कामे आजही माणसाच्या हाताशिवाय होत नाहीत. परंतु ही कामे घेऊन येणारे गिऱ्हाईक बदलले आहे.

ते कोण, हे पाहा. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे व्हर्लपूल, एलजी, फियाट यांसारखे मोठे कारखाने आहेत. तेथे काम करणारी हजारो माणसे परप्रांतांतून आणि परजिल्ह्यांतून आलेली असून कारेगावसारख्या गावांत खोल्या घेऊन राहतात. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. तेथे बदलीवर आलेली कुटुंबे नेहमीच असतात. राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ दौंडलाच आहेत. कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. घोड नदीपलीकडचे पारनेरकर शिरूरच्या बाजारात येतात, भीमेपलीकडची मंडळी दौंडला येतात. रांजणगाव आणि सिद्धटेक या अष्टविनायकांतील दोन स्थानांना जाणारे यात्रेकरू आपल्या रस्त्यांवरून जातात. या माणसांना आपले आजोबा ठाऊक नाहीत आणि आपली पेठही ठाऊक नाही. ती शेजाऱ्याला विचारीत नाहीत. खिशातील फोनला विचारतात की, जवळ शिलाईचे दुकान कोठे आहे? फोन प्रथम तीनचार नावे पुढे करतो. त्यांत आपले नाव नसेल, तर त्या गिऱ्हाइकाच्या लेखी आपले दुकान उघडलेलेच नाही. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्या बाजारात जुनीच आहे. हल्ली बोलण्याची जागा तेवढी बदलली.

पत्ता नेमका असावा लागतो, ही गरज मात्र नवी नव्हे. टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू केला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते, आणि ते संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते यांमुळे पत्रे भलतीकडे जात. त्यावर त्यांनी हा उपाय काढला. आपल्या शिरूरइतके चांगले उदाहरण त्याला शोधूनही मिळणार नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे, कर्नाटकातही शिरूर आहे. आपल्या शिरूरला जुनी माणसे घोडनदी म्हणतात. दौंडचे नाव इंग्रजी अमलात ‘धोंड’ असे लिहिले जाई. सारांश, ‘मेन रोड, शिरूर’ एवढ्याने जसे पत्र पोहोचत नसे, तसे आज गिऱ्हाईक पोहोचत नाही. ‘शिरूर (घोडनदी), जिल्हा पुणे, ४१२२१०’ किंवा ‘दौंड, जिल्हा पुणे, ४१३८०१’ असे पूर्ण लिहिले, म्हणजे निम्मे काम झाले.

आता नव्या व्यवस्थेकडे वळू. गूगल कंपनीचा नकाशा २००५ साली सुरू झाला. दुकानदाराने आपल्या दुकानाची नोंद स्वतः सांभाळावी, यासाठी त्या कंपनीने २०१४ साली एक सोय काढली. २०२१ पासून तिला ‘बिझनेस प्रोफाइल’ असे नाव आहे. आपण तिला सोयीसाठी ‘नोंद’ म्हणू. २०२२ साली रस्त्यांची प्रत्यक्ष चित्रे दाखविणारी त्यांची सेवा भारतात दहा शहरांत सुरू झाली. त्यांत पुणे होते आणि त्या वेळचे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हेही होते. शिरूर या दोन शहरांच्या मधल्या रस्त्यावर वसलेले आहे. तेव्हा नकाशाची विद्या दूरदेशीची आहे, आपल्यापर्यंत यावयास वेळ लागेल, असे समजण्यात अर्थ नाही. ती आपल्या दोन्ही अंगांना येऊन उभी आहे.

फोन पुढे करतो ती नावे कशी निवडली जातात? कंपनीने स्वतःच तीन कसोट्या जाहीर केल्या आहेत. पहिली कसोटी जुळणीची. गिऱ्हाइकाने जे मागितले ते या दुकानात मिळते, असे नोंदीवरून दिसते काय? दुसरी कसोटी अंतराची. गिऱ्हाईक जेथे उभे आहे तेथून दुकान किती दूर आहे? तिसरी कसोटी प्रसिद्धीची. या दुकानाविषयी लोकांनी किती आणि काय लिहिले आहे, इतरत्र त्याचा उल्लेख आहे काय? यांपैकी अंतर आपल्या हाती नाही. दुकान उचलून रेल्वे स्टेशनापुढे ठेवता येत नाही. परंतु पहिली कसोटी सर्वस्वी आपल्या हाती आहे आणि तिसरी बऱ्याच अंशी आपल्या कामावर अवलंबून आहे.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगावयाची आहे. या यादीत वरचे स्थान पैसे देऊन मिळत नाही, असे कंपनीचे स्पष्ट म्हणणे आहे. पैसे देऊन जाहिरात करता येते. पण ती वेगळी असते आणि तिच्यावर तसा शिक्का असतो. नोंद करणे, दुरुस्त करणे, चालू ठेवणे हे सर्व विनामूल्य आहे. तेव्हा ‘आम्ही गूगलमधून बोलतो, अमुक हजार भरा, नाहीतर तुमची नोंद बंद होईल’ असा फोन आला, तर तो निःशंकपणे खाली ठेवावा. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. लाज वाटून गप्प बसणाऱ्याचे पैसे परत येत नाहीत.

जुळणीच्या कसोटीला उतरावयाचे म्हणजे काय करावयाचे? धंद्याचा मुख्य प्रकार एक आणि जोडप्रकार नऊपर्यंत नोंदविता येतात. आपल्यापैकी बहुतेक जण नुसते ‘टेलर’ लिहून थांबतात. दौंडचा एखादा कारागीर वर्षानुवर्षे राखीव पोलिसांची वर्दी शिवतो. सारा कॅम्प त्याला ओळखतो. पण नव्याने भरती झालेला जवान फोनवर ‘वर्दी’ किंवा ‘गणवेश’ असा शोध घेतो, आणि या कारागिराच्या नोंदीत तो शब्दच नसतो. बारा मैलांवरून येणारी भगिनी ‘ब्लाऊज’, ‘आरी वर्क’, ‘फॉल पिको’ असे शोधते. परप्रांतीय कामगार ‘दर्जी’ म्हणतो. आपण जे काम खरोखर करतो, ते गिऱ्हाइकाच्या शब्दांत सेवांच्या यादीत लिहावे. जे करीत नाही ते लिहू नये. कारण त्यासाठी आलेले माणूस रिकाम्या हाताने परत जाते, आणि जाताना आपले मत लिहून जाते.

नावाविषयी दक्षता हवी. पाटीवर जे नाव आहे तेच नोंदीत असावे, असा नियम आहे. काही उत्साही मंडळी नावापुढे ‘शिरूरमधील सर्वांत उत्तम व स्वस्त टेलर’ अशी शेपटी जोडतात. ती नियमाविरुद्ध असून तिच्यापायी नोंद स्थगित होऊ शकते. २०२२ साली राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरी लिपीत मराठी पाटी आवश्यक झाली. तेव्हा पाटी चांगली, मोठी आणि स्वच्छ करून घ्यावी. दुकान खरोखर आपलेच आहे, हे पटविण्यासाठी कंपनी पुष्कळदा एक छोटा व्हिडिओ मागते. त्यात रस्ता, शेजारच्या खुणा, दुकानाची पाटी आणि आपण आपल्या किल्लीने कुलूप उघडीत आहोत, असे दाखवावे लागते. धुळीने माखलेली पाटी गिऱ्हाइकाला वाचता येत नाही, तशी यंत्रालाही येत नाही.

नकाशावरील खूण आपल्या दारावरच आहे ना, हेही पाहावे. पेठेत एका बोळाचा फरक पडला, तरी नवखा माणूस दुसऱ्याच्या दुकानात शिरतो. समोरच्या रस्त्यावरून काढलेले दुकानाचे एक छायाचित्र अवश्य द्यावे. वाट शोधणाऱ्याला ते पाहून दुकान ओळखता येते. कामाची चित्रे द्यावीत, परंतु भगिनींच्या कपड्यांचे नमुने पुतळ्यावर घालून काढावेत. गिऱ्हाइकाचा चेहरा त्याच्या संमतीवाचून चव्हाट्यावर मांडू नये. ही मर्यादा आपल्या धंद्याने पिढ्यान् पिढ्या पाळली आहे. फोन आला म्हणून ती सुटता कामा नये.

वेळेचेही तसेच. साप्ताहिक सुटी कोणती, दुपारी दुकान बंद असते काय, सणावारी काय वेळ असते, हे लिहावे. सणासाठी निराळी वेळ देण्याची सोय नोंदीत आहे. न्हावऱ्याहून मुलीच्या लग्नाचे कपडे घेऊन शिरूरला आलेल्या आईला नोंदीत ‘उघडे’ आणि दारात कुलूप दिसले, तर ती पुन्हा येत नाही. शिवाय गावी परतून ती चार घरी हेच सांगते.

आता मालकीचा प्रश्न. आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. नोंद कोणाच्या खात्यावर आहे? आमच्या पाहण्यातील एका दुकानाची नोंद गावातून जाणाऱ्या एका इसमाने स्वतःच्या खात्यावर करून दिली. पुढे दुकान दुसऱ्या गल्लीत गेले. पत्ता बदलावयाचा, तर तो इसम सापडेना. दुसऱ्या एका घरी कर्ते पुरुष वारले. नोंदीत त्यांचाच क्रमांक राहिला. मुलगा दुकानात बसून गिऱ्हाइकाची वाट पाहतो आणि गिऱ्हाईक वडिलांच्या बंद फोनवर घंटी वाजवीत बसते. दुकानाचा भाडेकरार, वीजबिल आणि वजनकाट्याचा दाखला आपण जपून ठेवतो. नोंद हाही आता तसाच दस्तऐवज आहे. ती मालकाच्या स्वतःच्या खात्यावर असावी आणि मुलगा, मुलगी किंवा सून यांपैकी एकाला व्यवस्थापक म्हणून जोडून ठेवावे. म्हणजे एकाचा फोन हरवला अथवा एक जण गेला, तरी दुकानाला मालक राहतो. कोणाकडून करून घ्यावयाचे असेल तर खुशाल घ्यावे. पण किल्ली आपल्याच कमरेला असावी. आपला हात जगन्नाथ, हे येथे अक्षरशः खरे आहे.

आपण लक्ष दिले नाही तर नोंद जागच्या जागी राहते, असेही नाही. नकाशावरील कोणत्याही नोंदीत फेरफार सुचविण्याची मुभा वाटेल त्या माणसाला आहे. कोणी चुकून वा खोडसाळपणे ‘हे दुकान कायमचे बंद झाले’ असे कळविले आणि मालकाने महिनोन् महिने पाहिलेच नाही, तर चालते दुकान नकाशावर बंद होऊ शकते. म्हणून महिन्यातून एकदा, हिशेबाच्या दिवशी, नोंद उघडून वाचावी. दहा मिनिटांचे काम आहे.

आपल्या समाजातील कितीतरी भगिनी घरीच मशीन ठेवून शिवणकाम करतात. काहींच्या घराचा तोच आधार आहे. त्यांना गिऱ्हाईक हवे असते, परंतु घराचा पत्ता साऱ्या जगाला दाखविणे नको वाटते. आणि ते रास्तच आहे. जे स्वतः गिऱ्हाइकाकडे जाऊन माप घेतात आणि कपडे पोहोचवितात, त्यांना पत्ता न दाखविता केवळ सेवेचा प्रदेश नोंदविता येतो. दौंड, पाटस, केडगाव, यवत अशी गावे लिहावयाची. वीसपर्यंत ठिकाणे लिहिता येतात. घरचा क्रमांक द्यावयाचा नसेल, तर धंद्यासाठी एक निराळा क्रमांक ठेवावा. ही सोय पुष्कळ भगिनींना ठाऊक नाही, म्हणून आम्ही ती मुद्दाम येथे सांगत आहोत.

यापुढे जे बोलावयाचे आहे, ते काहींस रुचणार नाही. या मेळाव्याच्या तयारीच्या दिवसांत एक सूचना आमच्या कानी आली. समाजातील प्रत्येक कुटुंबाने समाजातील प्रत्येक दुकानाला फोनवर पाच चांदण्या द्याव्यात आणि दोन ओळी स्तुतीच्या लिहाव्यात, म्हणजे आपली सगळी दुकाने वर येतील, अशी ती सूचना होती. सुचविणाऱ्यांचा हेतू निखळ आहे; समाजाने समाजाच्या पाठीशी उभे राहावे, यासाठीच तर आपण येथे जमलो आहोत. तथापि आम्हांस या सूचनेला स्पष्ट विरोध करणे कर्तव्य वाटते.

पहिले कारण नियमाचे. ज्याने व्यवहार केलाच नाही त्याचे मत, घरच्या माणसाचे किंवा नोकराचे मत आणि काही आमिष देऊन मिळविलेले मत कंपनीच्या नियमांत बसत नाही. अशी मते काढून टाकली जातात. नवी मते घेणे काही काळ बंद होऊ शकते आणि नोंदही जाऊ शकते. आपल्या देशातही भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ग्राहकांच्या अशा मतांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक प्रसिद्ध केले आहे. ते ऐच्छिक आहे; परंतु मत खऱ्या ग्राहकाचे असावे, ही त्यामागची दृष्टी सरकारनेही मान्य केली, एवढे त्यावरून दिसते.

दुसरे कारण व्यवहाराचे. वाचणारा दूधखुळा नसतो. एकाच आठवड्यात, त्याच त्या पाच-सहा आडनावांच्या वीस जणांनी ‘अति उत्तम’ एवढेच लिहिलेले दिसले, की तो हसतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो. उंटाच्या लग्नात गाढव गायक होते. गाढवाने उंटाच्या रूपाची तारीफ केली आणि उंटाने गाढवाच्या गळ्याची, ही जुनी गोष्ट आम्ही वर्गात कैक वेळा सांगितली. मुले हसत. मोठ्यांनी ती करून दाखवावी, असे आम्हांस वाटत नाही.

तिसरे कारण आम्हांस सर्वांत मोठे वाटते. आपल्यात असे कारागीर आहेत की, ज्यांचा कोट अंगावर चढविला म्हणजे माणूस ताठ उभा राहतो. असेही काही आहेत की, ज्यांनी दिलेली तारीख कधी पाळली जात नाही. दोघांनाही सारख्या पाच चांदण्या दिल्या, तर नुकसान कोणाचे होते? चांगल्या कारागिराचे. त्याची विद्या खोट्या स्तुतीच्या ढिगाखाली गाडली जाते. आणि दुसऱ्याला सुधारण्याचे कारणच उरत नाही. ओळखीच्या जुन्या जगात खोटी शिफारस करणाऱ्याचा शब्द उतरत असे. आज आपला शब्द मोठ्या फळ्यावर लिहिला जातो, एवढाच फरक. तो उतरतो तसाच.

मग मते मिळवावयाची कशी? सरळ मागून. कपडे घेताना गिऱ्हाईक आरशापुढे उभे राहून समाधानाने हसते, तो क्षण मागण्याचा. ‘काम आवडले असेल तर चार ओळी लिहा, खटकले असेल तर तेही लिहा,’ असे प्रत्येकाला म्हणावे. फक्त खूश दिसणाऱ्यालाच नव्हे. नोंदीतूनच एक क्यूआर कोड मिळतो. तो छापून गल्ल्याजवळ लावावा. ज्याने आपल्याकडे खरोखर कपडे शिवून घेतले, तो समाजाचा असला तरी गिऱ्हाईकच आहे. त्याने अवश्य लिहावे. काय शिवले, केव्हा मिळाले, कसे बसले, हे त्याने लिहिले तर त्या दोन ओळी वीस चांदण्यांहून अधिक कामाच्या होत.

वाईट मत आले तर चिडू नये. ‘तुम्हीच माप चुकीचे दिले’ असे भांडण फोनवर मांडले, म्हणजे ते गावभर होते. शांतपणे उत्तर द्यावे: ‘दिलेल्या तारखेला कपडे मिळाले नाहीत, याबद्दल दिलगीर आहोत. दुकानात यावे, दुरुस्ती विनामूल्य करून देऊ.’ हे उत्तर त्या एका गिऱ्हाइकासाठी नसते. पुढे वाचणाऱ्या शंभरांसाठी असते. आणि आपल्या धंद्यातील तक्रारी नीट वाचल्या, तर त्या बहुतेक एकाच जातीच्या आढळतात. शिलाई वाईट, ही तक्रार थोड्यांची. तारीख पाळली नाही, ही पुष्कळांची. दिवाळीच्या तोंडावर येईल ते काम घ्यावयाचे आणि भाऊबीज उलटल्यावर द्यावयाचे, ही आपली खोड नकाशाने जगापुढे आणली. तिचे औषध फोनमध्ये नाही. झेपेल तेवढेच काम घ्यावे आणि दिलेली तारीख वहीत लिहून पाळावी. नकाशा दुकान सुधारीत नाही. सुधारलेल्या दुकानाची वार्ता तेवढी दूरवर नेतो.

एवढे सारे करूनही प्रत्येकाचे दुकान पहिल्या तिघांत येईल, असे आश्वासन आम्ही देत नाही. देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. शिवाय ही व्यवस्था एका परदेशी कंपनीची आहे आणि ती आपल्या सोयीने बदलते. या नोंदीसोबत दुकानदारांना मिळणारी विनामूल्य संकेतस्थळे २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाली; नोंदीवरून गिऱ्हाइकाशी लेखी संवाद करण्याची सोय त्याच वर्षी जुलैअखेर गेली. ज्यांनी आपली गिऱ्हाइके केवळ त्या सोयीत साठविली होती, त्यांची पंचाईत झाली. म्हणून मापाची वही सोडू नये. तीत गिऱ्हाइकाचे नाव, क्रमांक आणि तारीख लिहावी, आणि आणखी एक रकाना पाडावा: ‘दुकान कसे कळले?’ नोंदीमुळे किती जणांनी फोन लावला, किती जणांनी वाट विचारली, हे कंपनी मालकाला दाखविते. परंतु त्यांतून किती जण दारात आले, हे आपली वहीच सांगेल. सहा महिने हा रकाना भरला, म्हणजे या उपायाचा उपयोग आपल्यापुरता किती, हे कोणाला विचारावे लागणार नाही.

शेवटी समाजसंस्थेसाठी दोन विनंत्या. पहिली, शिरूरला एक आणि दौंडला एक अशा दोन दुपारी ठरवाव्यात. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एकेका वडीलधाऱ्या दुकानदाराशेजारी बसावे आणि त्याच्याच फोनवर, त्याच्याच खात्यावर नोंद करून द्यावी. शुल्क नको, स्तुती नको. नाव, पत्ता, क्रमांक, वेळ, कामांची यादी आणि दाराची खूण एवढे बिनचूक झाले की पुरे. आम्ही पाच-सात पोरे घेऊन दोन्ही दिवशी हजर राहू.

दुसरी विनंती या स्मरणिकेविषयी. आपल्या जाहिरातींत ‘शुभेच्छुक’ मोठ्या अक्षरांत असतो आणि पत्ता ‘बाजारपेठ, शिरूर’ एवढाच असतो. पुढील वर्षापासून प्रत्येक जाहिरातीत जवळची खूण, पिनकोड, दुकानाची वेळ आणि होणारी कामे छापावीत. भारतीय टपाल खात्याने २०२५ च्या मे महिन्यात ‘डिजिपिन’ नावाची योजना खुली केली आहे. तीत सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांची खूण दिलेली आहे. घर क्रमांक नसलेल्या वाड्यावस्त्यांवरील आपल्या भगिनींनी ती खूण जवळ ठेवली, तर कापड पोहोचविणारा माणूस शेतातून भटकणार नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी कापड बेतताना एक नियम पाळला: माप खरे घ्यावे, मग कात्री लावावी. दुकानाची नोंद हेही एक माप आहे. ते आपल्या हाताने घ्यावे, खरे घ्यावे आणि अंग बदलले की पुन्हा घ्यावे.